बॅटरीबदल, नोंद सहावी : बारा सेल आणि जुनाच चार्जर

पाचव्या नोंदीच्या शेवटी मी मोठ्या विश्वासाने लिहिले होते की माझ्या इलेक्ट्रिक सायकलच्या बिघडलेल्या बॅटरीऐवजी नवा पॅक मागवला आहे, तो आला की बसवायचा आणि विषय मिटवायचा. पॅक आला, चार दिवस सोप्यावर पडून राहिला आणि आल्या खोक्यातूनच परत गेला. त्यानंतरच्या दोन महिन्यांत बेत तीनदा बदलला. ज्या अडचणीने मला सर्वांत जास्त छळले तिचे उत्तर गेल्या रविवारी रात्री मिळाले, आणि ते इतके साधे निघाले की ही नोंद लिहिल्यावाचून राहवेना.

आधी जुन्या पॅकचा शेवट. १०एस-३पी (म्हणजे तीन-तीन समांतर सेलांचे दहा गट एकापुढे एक), २६०० एमएएचचे तीस सेल, ७.८ एएच (अँपिअर-तास), म्हणजे सुमारे २८० वॉट-तास. बाकीचे नऊ गट ३.९ व्होल्टवर असताना सातवा गट १.७ वर का बसतो, हा चौथ्या नोंदीतला प्रश्न पॅक उघडल्यावर सुटला. बीएमएसकडे (सेलांवर नजर ठेवून गरज पडल्यास प्रवाह तोडणाऱ्या सर्किटकडे) जाणाऱ्या बारीक तारांच्या पांढऱ्या सॉकेटमध्ये एका पिनेवर हिरवट-निळा थर चढला होता. चोडणहून फेरीने रायबंदरला उतरायचे आणि तेथून पोर्तुगीजांनी सतराव्या शतकात बांधलेल्या सेतूवरून पणजी गाठायची, असा माझा रोजचा रस्ता आहे. एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला खाजण, आणि वाऱ्यात बाराही महिने मीठ. कवचाच्या तळाच्या फटीतून ती खारट ओल आत गेली होती आणि सातवा गट तिच्यातून झिरपून रिता होत होता. फक्त तेवढा गट बदलावा असे काही जणांनी सुचवले होते. मी तसे केले नाही. सेल दोन व्होल्टच्या खाली गेला की त्याच्या आतील तांब्याचा पत्रा विरघळू लागतो आणि पुन्हा चार्ज करताना तेच तांबे नको तेथे साचून आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो, म्हणून तो गट तर गेलाच. पण चार वर्षे वापरलेल्या नऊ गटांशेजारी एक कोरा गट बसवणे म्हणजे थकलेल्या बैलांच्या जोडीला खोंड जुंपण्यासारखे आहे. सायकल बनवणाऱ्या कंपनीकडे विचारले, तर ते मॉडेल बंद झाले असून त्याची बॅटरी मिळणार नाही, एवढेच उत्तर आले. कंपनीचा मूळ पॅक मिळत असता तर मी डोळे मिटून तोच घेतला असता, आणि ज्यांना मिळतो त्यांनी तोच घ्यावा, असे माझे आजही मत आहे.

आता परत पाठवलेल्या पॅकविषयी. जाहिरातीत ‘त्याच कवचात १४ एएच’ असे लिहिले होते आणि मी ते वाचूनही पैसे भरले, ही माझीच चूक. त्या कवचात १८६५० आकाराचे तीसच सेल मावतात, म्हणजे तीन समांतर. १४ ला तीनने भागले की एका सेलला ४.६ एएचहून अधिक येतात, आणि चांगल्यातला चांगला १८६५० सेल साडेतीन एएचच्या आसपास थांबतो. हा भागाकार मी पॅक हातात आल्यावर केला, आणि तोही पॅक संशयास्पद हलका लागला म्हणून. गावातल्या किराणा दुकानाच्या काट्यावर कवचासकट भरला १ किलो ४१० ग्रॅम. असल सेल एकेक ४५ ते ५० ग्रॅमचा असतो, म्हणजे नुसत्या तीस सेलांचेच वजन तेवढे व्हायला हवे. जुना पॅक त्याच काट्यावर २ किलो १०० भरला होता.

यापेक्षा कागदपत्रांचा प्रकार अधिक बोधप्रद होता. लेबलवर दोन गोष्टी छापल्या होत्या: आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आणि ‘एआयएस १५६’ हे वाहनांच्या बॅटरीच्या सुरक्षेचे मानक. पहिला क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये घालून पाहिला, तर तो एका निराळ्याच कंपनीच्या पॉवर बँकेचा निघाला. आयएस १६०४६ या बॅटरीच्या मानकाखालील नोंदणी विशिष्ट कारखान्यातील विशिष्ट मॉडेलला मिळते. दुसऱ्याचा क्रमांक चिकटवला म्हणून माल प्रमाणित होत नाही. पुष्कळदा क्रमांक खरा असतो, पण तो आतल्या सेलचा असतो, पॅकचा नसतो, आणि विक्रेता दोन्हींमधला फरक सोयीने गिळून टाकतो. एआयएस १५६ ची गोष्ट आणखी वेगळी. २०२२ मध्ये इलेक्ट्रिक स्कूटरींना आगी लागल्यानंतर तो नियम कडक झाला आणि डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाला. पण तो मोटार वाहन ठरणाऱ्या दुचाकी-तिचाकींसाठी आहे. अडीचशे वॉटच्या आतली आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतली आपली सायकल कायद्याने मोटार वाहनच नाही, त्यामुळे परवाना आणि नोंदणी यांतून सुटका होते, पण बॅटरीवरच्या त्या सक्तीतूनही ती सुटते. न्यूयॉर्क शहराने सप्टेंबर २०२३ पासून सायकलच्या बॅटरीला यूएल २२७१ हे सुरक्षा-मानक बंधनकारक केले. आपल्याकडे ही जबाबदारी तूर्त घेणाऱ्याच्या डोक्यावर आहे. म्हणून लेबलवरचा शिक्का न पाहता मी चाचणीचा अहवाल मागू लागलो आणि त्यावर मॉडेलचे नाव कोणते आहे ते वाचू लागलो. पाच विक्रेत्यांपैकी चौघांचा त्यानंतर फोनच आला नाही.

येथे बेत पहिल्यांदा बदलला. पॅकचे प्रमाणपत्र मिळणार नसेल तर निदान रसायन तरी क्षमाशील असावे, या विचाराने मी एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) सोडून एलएफपीकडे (लिथियम-आयर्न-फॉस्फेटकडे) वळलो. एनएमसी सेल साधारण २१० अंश सेल्सियसच्या आसपास बेकाबू होतो, एलएफपी २७० च्या आसपास, आणि फॉस्फेटमधला ऑक्सिजन सहजासहजी सुटत नसल्याने आगीला आतून खतपाणी मिळत नाही. एलएफपी पेटतच नाही, असे सांगणारा विक्रेता मात्र खोटे बोलतो. त्यातले इलेक्ट्रोलाइट ज्वलनशीलच असते. किंमत मोजावी लागते ती वजनात आणि आकारात. ३२७०० आकाराचे, ६ एएचचे चोवीस सेल, १२एस-२पी, ३८.४ व्होल्ट, १२ एएच, सुमारे ४६० वॉट-तास. पेटीसकट ४ किलो ३०० ग्रॅम. हे सायकलच्या दांड्यावरच्या कवचात मावत नाही, मागच्या कॅरियरवरच ठेवावे लागते, आणि फेरीच्या लोखंडी फळीवरून उतरताना मागचे चाक जड पडल्याचे स्पष्ट जाणवते. माझे जाणे-येणे अठरा किलोमीटरचे, तेव्हा एवढी क्षमता लागत नाही. पण १२एस-१पी केले असते तर कंट्रोलरचे १५ अँपिअर एकट्या सेलवर आले असते. दोघांत साडेसात-साडेसात वाटले गेले की सेल कोमटसुद्धा होत नाही.

पॅक बेळगावच्या एका कारागिराकडे बांधून घेतला. सेल एकाच लॉटचे आणि प्रत्येकाची क्षमता व अंतर्गत रोध मोजून लिहिलेला असावा, अशी माझी अट होती. “सर, मोजून देतो, पण जोड माझ्या पद्धतीने होणार,” अशी त्यांची. निकेलच्या पट्टीवरून मात्र आमचा वाद झाला. बाजारात निकेल म्हणून विकली जाणारी बरीचशी पट्टी निकेलचा मुलामा दिलेले पोलाद असते; तिचा रोध जास्त आणि आपल्या हवेत तिला गंज ठरलेला. लोहचुंबक लावून काही कळत नाही, कारण निकेलही चुंबकाला चिकटते. मी ऑनलाइन घेतलेली एक पट्टी आणि त्यांच्या रिळातील एक तुकडा, दोन्ही कानशीने खरवडून आगराच्या मिठाच्या पाण्यात वाटीत बुडवून ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या पट्टीभोवती विटकरी रंगाचा डाग पसरला होता, त्यांच्या तुकड्यावर तीन दिवसांनीही काही नव्हते. वाटीचे छायाचित्र पाठवल्यावर कारागीरकाकांनी फक्त अंगठा दाखवला. लिथियम पॅक कुरियरने पाठवण्याची धास्ती वाटल्याने तो ३० टक्क्यांवर ठेवून एका मित्राच्या गाडीतून चोर्ला घाटाने घरी आणला.

आणि मग चार्जर. १२एस एलएफपीचा चार्जर ४३.८ व्होल्टचा, म्हणजे सेलमागे ३.६५. आमच्या घरात पुतण्याचीही इलेक्ट्रिक सायकल आहे, ती १०एस एनएमसी, तिचा चार्जर ४२ व्होल्टचा. दोन्ही चार्जर काळे, दोघांनाही तीच गोल पिन, दोन्ही त्याच खिळ्याला टांगले जाणार. कधीतरी घाईत माझा चार्जर पुतण्याच्या सायकलला लागला, तर प्रत्येक सेल ४.२ ऐवजी ४.३८ व्होल्टपर्यंत चढेल, आणि तेव्हा घर आणि आग यांच्यामध्ये उभा असेल फक्त त्या स्वस्त सायकलचा तेवढाच स्वस्त बीएमएस. वडिलांनी लाल रंग लावण्याचे सुचवले, पण संध्याकाळी सातला वीज गेलेली असताना लाल आणि काळा सारखाच. मी जीएक्स-१६ ची तीन पिनांची फिरकीची जोडणी मागवली, म्हणजे चुकीचा चार्जर मुळात लागूच नये. तीन पिना, दोन तारा. तिसरी पिन मोकळी ठेवायची की धन तारेला समांतर जोडायची, यात एक आठवडा गेला. जोडणी झाली, पण तिच्या रबरी वायसरमध्ये दम नव्हता, आणि पाइपखाली धरताच सॉकेटमध्ये थेंब साचलेला दिसला. दुसरी मागवली, तिची आटीच बसेना.

या दुसऱ्या सॉकेटशी झगडत असताना रविवारी रात्री सहज म्हणून ४२ ला बाराने भागले. साडेतीन. एलएफपी सेलला ३.५० व्होल्टवर धरून प्रवाह पुरता घसरू दिला, तर तो जवळजवळ पूर्णच भरतो, ३.६५ पर्यंत नेल्याने हाती लागते ते अगदी थोडे, आणि सेलवर ताण मात्र येतो. म्हणजे माझ्या पॅकला ४३.८ चा चार्जर लागतच नाही! पुतण्याचा, किंवा माझ्या जुन्या पॅकचा, ४२ चा चार्जरच दोन्ही सायकलींना चालतो, आणि घरात धोक्याचा चार्जर आला नाही की अदलाबदलीचा प्रश्नच उरत नाही. एकच शंका होती: पुष्कळ बीएमएस ३.५५ च्या पुढे गेल्यावरच गटांची समानता साधू (सगळ्यांचे व्होल्ट सारखे करू) लागतात, त्यामुळे ४२ वर गट कायमचे विस्कटलेले राहिले असते. माझा बीएमएस फोनवरून लावता येणारा आहे. समानतेची सुरुवात ३.४० वर आणून ठेवली. पहिल्या चार्जिंगच्या शेवटी सर्वांत वरचा गट ३.५६ आणि सर्वांत खालचा ३.४४ होता, चौथ्या चार्जिंगनंतर फरक १५ मिलिव्होल्टवर आला. ४३.८ चा चार्जर मी न उघडताच परत केला आणि दोन्ही जीएक्स-१६ खणात टाकल्या.

हा हिशोब फक्त एकापुढे एक जोडलेल्या बारा सेलांचा (१२एस) आहे, हे जपून वाचावे. ११एस एलएफपीला तोच चार्जर सेलमागे ३.८ व्होल्टहून अधिक देईल आणि १०एसला ४.२, दोन्ही अंगाशी येतील. चार्जर प्रत्यक्ष किती देतो तेही मोजावे, माझा ४१.९ दाखवतो.

बाकीचे भराभर. कंट्रोलर उघडून कपॅसिटर पाहिला, ६३ व्होल्टचा आहे, म्हणजे ४२ त्याला सहज झेपतात. तापमापक तार पिशवीत बांधून उकळत्या पाण्याच्या भांड्यात सोडली, तेव्हा बीएमएसने चार्जिंग तोडले. ही चाचणी पॅक पेटीत बंद करण्यापूर्वी केली नाही तर पुढे कधीच होत नाही. हँडलवरच्या पाच रेघा आता निरुपयोगी आहेत, कारण एलएफपीचा विद्युतदाब शेवटपर्यंत ३९-४० व्होल्टच्या आसपास सपाट राहतो. चार रेघा दिसत असतात आणि मग एकदम एकही नाही. मी बीएमएसमधील एएचचा आकडाच पाहतो. एका दिवसाला ४.३ एएच, सुमारे १६५ वॉट-तास, म्हणून दिवसाआड चार्जिंग, साडेचार ते पाच तास, घरातील सगळे जागे असताना, अंगणातल्या चिऱ्यांच्या चौथऱ्यावर आणि गवताच्या गंजीपासून दूर. जुना पॅक टोके टेपने बंद करून मागीलदारी रेतीच्या बादलीत ठेवला आहे. बॅटरी-कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे तो घरच्या कचऱ्यात टाकता येत नाही, गोळा करणाऱ्यांकडेच द्यावा लागतो.

पुढचे काम जून येण्याआधीचे. पेटीला तळाशी निचऱ्याचे भोक पाडायचे की ती संपूर्ण बंद ठेवायची, यावर मी इतके दिवस बंद ठेवण्याच्या बाजूचा होतो. हे लिहिता लिहिता असे सुचले की झाकणाला पारदर्शक ॲक्रिलिकची छोटी खिडकी बसवून आत निळ्या सिलिका जेलची पुडी ठेवावी. ओल शिरली की ती गुलाबी पडते, त्यामुळे झाकण न उघडता कळेल. ॲक्रिलिकचा तुकडा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पाहतो, आणि बीएमएसच्या पिनांना त्याआधी लाखेचा एक हात देतो.