८६७५३ ची नोंद

रात्री पावणेअकराला फोन आला तेव्हा मी परिशिष्टाच्या छापील प्रतीवरून शेवटची नजर फिरवत होते. सेवा व्यापार कराराची ती अखेरची फेरी होती. सकाळी नऊला दोन्ही बाजू प्रत्येक पानावर आद्याक्षरं करणार होत्या. फोन एका प्रांताच्या भूमी अभिलेख कार्यालयातल्या कारकुनाचा होता.

"मॅडम, तुमचं पत्र आज माझ्या टेबलावर आलं. आमच्या मोजणी कायद्यात सर्वेक्षकाचा परवाना फक्त नागरिकालाच मिळतो. हे तुम्हाला लागेल का?"

ते पत्र मी चार महिन्यांपूर्वी पाठवलं होतं.

का लागेल, ते सांगते. १९९५ पासून लागू असलेल्या गॅट्समध्ये, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेच्या सेवा व्यापार करारात, देश स्वतःहून जी क्षेत्रं लिहितो, त्यांतच त्याच्यावर बाजार खुला करण्याचं बंधन येतं. आमचा करार निगेटिव्ह लिस्टचा होता. तिथे उलटं असतं. जे वगळायचं ते लिहायचं. लिहायला विसरलात, तर ते दिलं. प्रत्येक नोंदीत क्षेत्र, सेवेच्या वर्गीकरणाचा आकडा, कोणत्या बंधनातून सूट हवी, शासनाचा स्तर आणि कायद्याचं कलम, एवढं सगळं लागतं. म्हणजे सही करण्याआधी देशाला स्वतःचे सगळे कायदे माहीत असावे लागतात, प्रांतांचेसुद्धा. आमच्याकडे ते एका जागी कुठेच नव्हते. मी विचारलेल्या बहुतेक खात्यांकडून एका ओळीचं उत्तर आलं होतं: 'आमची हरकत नाही.' मी हरकत विचारलीच नव्हती, कायदा विचारला होता. व्यावसायिकांच्या परिषदांना इथे दार बंद हवं होतं आणि तिकडे व्हिसा हवा होता. कलम मात्र कोणीच कळवलं नाही.

मी वगळायच्या गोष्टींची यादी उघडली. ८६७५२ ची, म्हणजे जमिनीखालच्या सर्वेक्षणाची, नोंद होती, कारण खनिज खात्याने नीट उत्तर दिलं होतं. ८६७५४, नकाशे, तेही होतं. मधला ८६७५३, म्हणजे प्रत्यक्ष भूपृष्ठाची मोजणी, नव्हता. त्या प्रांतात सर्वेक्षकाची सही बांधाच्या भांडणात न्यायालयात पुरावा ठरते. सही करणारा देश सोडून गेला, तर साक्षीला कोणाला बोलवायचं, म्हणून ती अट होती. ती अट पटली नाही तरी चालेल, पण ती आमच्या हातून नकळत जाणं मला मान्य नव्हतं.

कारकुनाने कलम वाचून दाखवलं, मी लिहून घेतलं, परत वाचून दाखवलं. एक पोटकलम दुरुस्तीने बदललं होतं, तेही त्याने शोधून दिलं. साडेबारापर्यंत तो कार्यालयातच होता. त्या वर्षभरात इतक्या काळजीने मला कोणीच उत्तर दिलं नव्हतं.

सकाळी समोर वित्तसेवांना एक, दूरसंचाराला एक, व्यावसायिक सेवांना एक आणि नुसत्या शब्दरचनेला दोन वकील होते. आमच्या बाजूला सेवांसाठी मी. नोंद वाचल्यावर त्यांच्या वकिलाने एकच प्रश्न विचारला: "हे आज का?" मी खरं तेच सांगितलं. त्यांनी पंधरा मिनिटं मागितली आणि परत येऊन किंमत सांगितली: कंपनीच्या नोकरीत नसलेल्या, कंत्राटावर जाणाऱ्या आमच्या इंजिनिअरांना बारा महिने राहू द्या, ही मागणी सोडा. मोड फोर, म्हणजे माणसाने स्वतः दुसऱ्या देशात जाऊन सेवा देणं. आम्हाला खरोखर हवी होती ती एवढीच गोष्ट, आणि तिच्यावर मी वर्ष घातलं होतं. वर, नोंद पहिल्या परिशिष्टातच, म्हणजे आज चालू असलेल्या कायद्यांच्या यादीतच, घेऊ म्हणाले. तिथे रॅचेट लागतो: उद्या प्रांताने अट सैल करून पाहिली आणि ते अंगाशी आलं, तरी ती पुन्हा आवळता येत नाही. मला ती दुसऱ्या परिशिष्टात हवी होती, जिथे पुढचे नियमही राखून ठेवता येतात.

आमच्या शिष्टमंडळाच्या प्रमुखांनी दोन मिनिटांत हो म्हटलं. घोषणेची वेळ ठरलेली होती. मला त्याचा राग आहे आणि तो गेलेला नाही.

परतताना एक सहकारी म्हणाला, "गप्प बसली असतीस तर कोणाला कळलं असतं?" त्यावर मी अजून अडकले आहे. कदाचित एकही परदेशी सर्वेक्षक कधी आला नसता. पण अमेरिकेने गॅट्सच्या यादीत 'इतर करमणूक सेवा' असं लिहिलं आणि जुगार त्यात येतो हे तिच्या ध्यानात नव्हतं. अँटिग्वा आणि बार्बुडा या चिमुकल्या देशाने जागतिक व्यापार संघटनेत दावा लावला आणि २००५ मध्ये तिथल्या अपिलातही ठरलं की जुगार त्यात येतोच. आमचा तसा हेतू नव्हता, हे म्हणणं चाललं नाही. अमेरिकेने निकालानंतरही आपला कायदा बदलला नाही. अँटिग्वाला मिळाली ती वर्षाला २.१ कोटी डॉलरपर्यंत बौद्धिक संपदेची बंधनं स्थगित करण्याची परवानगी. मोठ्या देशाला अशी चूक पचते. आमच्यावर तसा निकाल आला असता, तर प्रांताला कायदाच बदलावा लागला असता.

तरीही त्या इंजिनिअरांचे बारा महिने मी मोजतेच.

आठवड्याने कारकुनाचा पुन्हा फोन आला. त्याला एवढंच विचारायचं होतं की कलम बरोबर छापलं गेलं का. मी पान उघडून त्याला आकडा, कलम, पोटकलम वाचून दाखवलं. "बरोबर आहे," तो म्हणाला. त्या ओळीसाठी काय सोडावं लागलं, ते मी त्याला सांगितलं नाही.