सतरा दिवसांची सुट्टी

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात मी सव्वीस वर्षं वाचनालय सांभाळलं. आमच्या भागात दर दोन घरांआड एक फौजी. त्यामुळे वर्षातून चार-पाच वेळा तरी एक प्रश्न यायचाच. भरतीसाठी पहाटे पळायला जाणाऱ्या एखाद्या पोराचा बाप काउंटरपाशी यायचा, जरा इकडेतिकडे बघायचा आणि म्हणायचा, "मॅडम, लढाईवरची एखादी कादंबरी द्या की. खरीखुरी वाटंल अशी. पोरगं फौजेत जाऊन कसं घडतं, ते त्यात पायजे." मी निवृत्त झाले, आता हाच प्रश्न फोनवर येतो.

दर वेळी मी एकच पुस्तक काढून द्यायचे. त्यांच्या प्रश्नातल्या 'घडतं' या शब्दाबद्दल मात्र काही बोलायचे नाही, कारण मागे रांग असायची. आज मागे कुणी नाही, म्हणून बोलते.

पुस्तक म्हणजे एरिश मारिया रेमार्कचं 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट'. मूळ जर्मन, १९२९ सालचं, पहिल्या महायुद्धावरचं. रेमार्क स्वतः १९१७ मध्ये फ्लँडर्सच्या आघाडीवर होता आणि तिथे तोफगोळ्याचे तुकडे लागून जखमी झाला होता. १९३३ मध्ये नाझींनी जी पुस्तकं जाळली, त्यांत हेही होतं. नायकाचं नाव पाउल बॉयमर. मास्तरांची देशभक्तीची भाषणं ऐकून वर्गातली पोरं भरती झाली, त्यांतलाच तो एक.

लढाईत पोरगा बदलतो कसा, याची एक ठरलेली गोष्ट आपल्या सगळ्यांच्या डोक्यात असते. आधी भितो, मग पळतो, मग लाजतो, मग पेटून उठतो. ही गोष्ट मी वाचलेल्यांत सर्वांत चांगली लिहिली ती स्टीफन क्रेनने, १८९५ साली, 'द रेड बॅज ऑफ करेज'मध्ये. युद्ध अमेरिकेतलं, यादवी. क्रेनचा जन्मच ते संपल्यावर सहा वर्षांनी झाला आणि कादंबरी लिहिली तेव्हा त्याने एकही लढाई पाहिलेली नव्हती! त्याचा हेन्री फ्लेमिंग घाबरून पळत सुटतो. त्या गोंधळात त्याच्याच बाजूचा दुसरा एक पळपुटा शिपाई त्याच्या डोक्यात बंदूक हाणतो. पलटणीत परतल्यावर सोबत्यांना वाटतं, गोळी चाटून गेली. ते प्रेमाने पट्टी बांधतात आणि हेन्री गप्प राहतो. दुसऱ्या दिवशी हाच हेन्री झेंडा घेऊन सगळ्यांच्या पुढे. आपण आता मर्द झालो, असं शेवटी त्याला वाटतं. त्याला वाटतं, एवढंच क्रेन सांगतो. मला तर तिथे क्रेन मिशीत हसताना दिसतो. तुम्हांला हवी असलेली कादंबरी बहुधा हीच, पण तीसुद्धा जपून वाचायची.

रेमार्कचा पाउल आपल्यासमोर बदलतच नाही. पहिल्या पानावर भेटतो तेव्हाच ते होऊन गेलेलं असतं. आघाडीवरून मागे आलेली कंपनी जेवायला उभी आहे आणि आनंदीआनंद चाललाय, कारण शिधा दुप्पट मिळणार. आचाऱ्याने १५० जणांचं रांधलंय आणि परत आलेत ८०. आचारी कटकट करतो, एवढं सगळं वाढणार नाही म्हणतो, पोरं भांडतात आणि शेवटी पोट फुटेस्तोवर जेवतात. वाचताना आपणही त्या घेवड्याच्या वासात असतो. बाकीच्या सत्तर जणांचं काय झालं, हा हिशेब घास उतरल्यावर ध्यानात येतो. पोरगा किती बदलला ते लेखकाने सांगितलेलं नाही, फक्त त्याला जेवायला बसवलंय.

मग बुटांची गोष्ट. वर्गमित्र केमरिख इस्पितळात पडलाय. त्याचा पाय कापलाय, आणि हे त्याला धड कळलेलंही नाही. खाटेखाली त्याचे बूट आहेत, मऊ पिवळ्या कातड्याचे. भेटायला आलेल्या म्युलरची नजर बुटांवर जाते आणि तो सरळ मागतो. आपण पहिल्यांदा चरकतो. पाउल मात्र त्याच्यावर चिडत नाही. तो शांतपणे समजावतो: केमरिखला त्या बुटांचा उपयोग असता, तर म्युलर काटेरी तारांवरून अनवाणी चालला असता, पण आता उपयोग नाही, आणि चांगले बूट मिळत नाहीत. पुढे उजेड पाडायची जळती गोळी जवळून पोटात लागून म्युलर जातो आणि बूट पाउलच्या पायांत येतात. आपल्यानंतर ते कुणाला द्यायचे, हेही पाउल ठरवून ठेवतो. 'घडणं' म्हणताना तुमच्या मनात हे होतं का? कारण तसं बघितलं तर पोरगा व्यवहाराला पक्का झालाच की.

आता सातवं प्रकरण. मला हे पुस्तक माझं वाटतं ते त्यामुळे.

पाउलला सुट्टी मिळते. चौदा दिवस, प्रवासाचे तीन धरून सतरा. घराचा जिना चढतो, वरून बहिणीचा आवाज येतो, पाउल आला म्हणून ती आईला हाक मारते. आणि एवढी आघाडी बघून आलेल्या पोराला पुढची पायरी चढवत नाही. भिंतीला टेकून, हेल्मेट आणि बंदूक घट्ट धरून तो रडत उभा राहतो. आई अंथरुणाला खिळलेली. तरी त्याच्या आवडीच्या बटाट्याच्या धिरड्यांची आणि मुरंब्याची सोय तिने करून ठेवलीय. तिकडे फार वाईट होतं का, असं ती विचारते. तो म्हणतो, नाही गं, आम्ही बरेच जण असतो ना सोबत.

बाप वेगळा. त्याला किस्से हवेत, चारचौघांत मिरवायला. गावातल्या टेबलाभोवती मोठी माणसं बसलीत. त्यांतले हेडमास्तर बेल्जियम घ्यायचं, फ्रान्सचा कोळशाचा भाग घ्यायचा, असा नकाशा आखतायत आणि आघाडीवरून आलेल्या पोराला युद्ध समजावून सांगतायत. रस्त्यात ट्रामची चाकं किंचाळली की पाउल दचकतो, गोळा आला असं वाटतं. स्वतःच्या खोलीत जाऊन पुस्तकांच्या फळीसमोर बसतो. पूर्वी पुस्तक उघडलं की काहीतरी आत हलायचं, तेच पुन्हा व्हावं म्हणून वाट बघतो. एकेक पुस्तक काढतो, चाळतो, बाजूला ठेवतो. काहीच होत नाही. पुस्तकांतच आयुष्य काढलेल्या माझ्यासारखीला गोळीबाराच्या सगळ्या पानांपेक्षा हे पान जड गेलं.

आमचे अण्णा ७१ च्या लढाईत पूर्वेकडे होते. मी तेव्हा पाच वर्षांची. त्यानंतर ते सुट्टीवर आले, तेव्हाची काळी ट्रंक आणि तिच्यावरचा पांढऱ्या रंगातला नंबर मला लख्ख आठवतो. संध्याकाळी ओसरीवर माणसं जमली. तंबाखू मळत एकेकाने विचारायला सुरुवात केली, काय झालं, कसं झालं, किती पाडले? अण्णा म्हणाले, "पाणी लय तिकडं. नद्याच नद्या." आणि बैलाला वैरण टाकायला उठून गेले. माणसं हिरमुसली. कुणीतरी म्हणालंसुद्धा, ह्याला काय सांगता येत नाय.

त्याच सुट्टीत मी त्यांच्यासोबत दळण घेऊन गिरणीत गेले होते. गिरणीचा पट्टा निसटला आणि फाटकन आवाज झाला. डबा माझ्या डोक्यावर होता. बघते तर अण्णा जमिनीवर पालथे, दोन्ही हात डोक्यावर. पुढच्या क्षणी ते उठले, शर्टावरचं पीठ झटकलं. गिरणीवाला हसला, बायका हसल्या, अण्णाही हसले. मीही हसले, ते मला पुढे फार वर्षं आठवत राहिलं. रेमार्क माझ्या हाती आला तो नोकरी लागल्यावर, आणि ट्रामचं ते वाक्य वाचताना मला पिठाचा वास आला.

आणखी एक. या कादंबरीत बदल सरळ रेषेत होत नाही, म्हणून मी तिला खरी म्हणते. तोफगोळ्याने झालेल्या खड्ड्यात पाउल एका फ्रेंच शिपायाला भोसकतो आणि तो मरेस्तोवर तासन्‌तास त्याच्या शेजारी अडकून पडतो. त्याची कागदपत्रं बघतो: जेरार द्युव्हाल, छापखान्यात काम करणारा. तुझ्या बायकोला पत्र लिहीन, तुझ्यासाठी जगेन, असं त्या मेलेल्या माणसाला सांगतो. साधा लेखक इथे पाउलला कायमचा बदलून टाकेल. रेमार्क त्याला दुसऱ्या दिवशी सोबत्यांत परत आणतो, शेजारी नेमबाज पोरं आपले नेम मोजत असतात, आणि पाउल म्हणतो, खड्ड्यात मी काय बडबडत होतो कोण जाणे. पत्र काही जात नाही.

ऑक्टोबर १९१८ मध्ये पाउल मरतो, युद्ध पुढच्याच महिन्यात संपणार असताना. आघाडी त्या दिवशी इतकी शांत होती, की लष्कराच्या अहवालात एकच वाक्य होतं: पश्चिमेकडे नवीन काही नाही. जर्मन पुस्तकाचं नाव तेच आहे.

मागच्या महिन्यात असाच एका बापाचा फोन आला. पोराची लेखी झालीय, मैदानी बाकी आहे, तोवर काय वाचू देऊ? मी पुस्तकाचं नाव सांगितलं आणि म्हटलं, "पण त्यातलं सातवं प्रकरण आधी तुम्ही वाचा, दादा."

"मी कशाला? भरती त्यो हुणाराय."

"सुट्टीवर आल्यावर ओसरीवर तुम्हीच बसणार ना त्याच्यासमोर."

पलीकडून थोडा वेळ काही आवाज आला नाही. मग म्हणाले, "किती पानं हायेत त्याची?"