रॉक संगीतिकेत शब्द ऐकू यावेत म्हणून

तरुण कलाकाराच्या आत्मशोधाची गोष्ट रॉक संगीतिकेत बरीचशी गाण्यांतूनच पुढे सरकते. शब्द बुडाले की गोष्टच बुडते. आवाजाची पातळी ठरवतो तो ड्रम, कारण त्याच्या थेट आवाजाला खाली आणणारी कळ मिक्सरवर (ध्वनी नियंत्रित करणाऱ्या यंत्रावर) नसते. छोट्या सभागृहात ड्रमवादकाला जाड काठ्यांऐवजी बारीक काड्यांच्या जुडीसारख्या रॉड्स द्याव्यात. गिटारचा अ‍ॅम्प (आवाज वाढवणारी स्पीकरची पेटी) प्रेक्षकांकडे न रोखता आडवा वळवावा. व्यंजनांची स्पष्टता साधारण २ ते ४ किलोहर्ट्‌झमध्ये असते आणि गिटारचा कडकपणाही तिथेच. त्यामुळे गायक गात असताना गिटार त्या पट्ट्यात ३ डेसिबल कमी करावी. गायकाचा आवाज नुसता वाढवत नेला, तर स्पीकरचा आवाज माइकमध्ये परत शिरून शिट्टी वाजते.

डोक्यावरचा माइक तोंडासमोर नको, ओठांच्या कोपऱ्याजवळ हवा. समोर आला की ‘प’, ‘फ’, ‘भ’ फटकन आदळतात. घाम आत गेला की आवाज घुसमटतो, म्हणून नायकाला दोन माइक लावावेत.

खरा उपाय मात्र संगीतरचनेतच आहे. नायक घर का सोडतो, हे कडव्यात फक्त बास गिटार आणि हाय-हॅटवर (ड्रमसंचातल्या झांजांच्या जोडीवर) सांगावे. पूर्ण बँड ध्रुवपदाला आणावा. तिथले शब्द पुन्हा येणारच असतात.