दहाव्या गल्लीतला माल पहिल्या गल्लीत

रबाळे एमआयडीसीतलं एक गोदाम. बेअरिंग, ऑइल सील, कॉन्टॅक्टर आणि सर्व्हिसवाल्यांची हत्यारं. बारा गल्ल्या, प्रत्येक गल्लीत ए ते एच असे आठ खण, प्रत्येक खणात पाच कप्पे. एकूण ४८० जागा. तक्रार अशी की माल शॉर्ट, म्हणजे नोंदीपेक्षा कमी, निघतो. तोही सगळीकडे नाही, फक्त पहिल्या आणि दहाव्या गल्लीत, आणि तिथेही फक्त ई खणात. सहा महिने स्टोअरकीपर हेल्परवर ओरडत होते आणि मॅनेजर वॉचमनवर. दोनच खणांतून चोरी करणारा चोर किती शिस्तीचा असेल, हा प्रश्न कोणाला पडला नाही.

अशा तक्रारीत आधी जागेचं बारकोड लेबल बघतात. वरच्या कप्प्यांची लेबलंही हाताला यावीत म्हणून खालीच, एकाखाली एक, बाण काढून लावलेली असतात. घाईत शेजारचं लेबल स्कॅन होणं हा रोजचा घोटाळा. पण इथे बाण ठळक, अक्षरं मोठी, लेबलं न फाटलेली. १-ई-०२ मध्ये ६२०५ बेअरिंगची खोकी समोर दिसत होती. सिस्टिम म्हणत होती, ती १०-ई-०१ मध्ये आहेत. तिथे जाऊन पाहिलं तर ऑइल सील.

मग बारकोड वाचणारी वायरची गन लॅपटॉपला लावली आणि नोटपॅड उघडलं. अशी गन म्हणजे शेवटी कीबोर्डच: पट्ट्या वाचते, अक्षरं टाइप करते, एंटर मारते. १-ई-०२ चं लेबल स्कॅन केलं, पडद्यावर उमटलं ‘१.००ई+०२’. दहाव्या गल्लीत जाऊन १०-ई-०१ स्कॅन केलं. पुन्हा तेच, ‘१.००ई+०२’.

जागेचा कोड गल्ली, खण, कप्पा सलग लिहून केलेला होता: १ई०२, १०ई०१. दोन अंकांच्या मध्ये इंग्रजी ई दिसला की एक्सेल त्याला वैज्ञानिक पद्धतीची संख्या समजतं. १ई०२ म्हणजे १ गुणिले १०चा वर्ग, १००. १०ई०१ म्हणजे १० गुणिले १०, तेही १००. मूळ यादी बरोबर होती. ती सीएसव्ही (साध्या मजकुराची फाइल) करून पाठवल्यावर कोणीतरी डबल क्लिक करून उघडली, एका रकान्याचं नाव सुधारलं आणि सेव्ह केली. तेवढंच पुरलं. (याच खोडीमुळे २०२० मध्ये काही जनुकांची अधिकृत नावं बदलावी लागली, ती एक्सेलला तारखा वाटत होत्या.) नव्या एक्सेलमध्ये हे रूपांतर बंद करायची सोय आहे, पण ती प्रत्येक मशीनवर वेगळी करावी लागते.

मग इतके दिवस हे कोणाला कळलं कसं नाही? लेबलावरचं मोठं अक्षर तीन वेगळ्या रकान्यांतून येत होतं, म्हणून ते शाबूत. पट्ट्या मात्र सलग कोडच्या रकान्यातून. पट्ट्यांखालची बारीक ओळ जागा वाचवण्यासाठी बंद केलेली. सिस्टिममधली जागांची यादीही त्याच फाइलमधून भरलेली, आणि कोड दुसऱ्यांदा आला की ती आधीची नोंद पुसून नवी ठेवते, हूं की चूं न करता. पहिल्या आणि दहाव्या गल्लीत असे चार जोड जुळतात: १ई०२–१०ई०१ पासून १ई०५–१०ई०४ पर्यंत. यादीत ४८० ऐवजी ४७६ जागा होत्या. तो आकडा पहिल्या दिवसापासून पडद्याच्या तळाशी दिसत होता.

बाकीच्या ई खणांचे कोडही वेडेवाकडेच, पण एकेकटे, म्हणून तिथलं काम सुरळीत. या लेबलांची चाचणी आम्ही तिसऱ्या गल्लीत घेतली होती.

कोड १२८ या बारकोडच्या प्रकारात १०३ ने भागून काढलेला पडताळा असतो, पण तो फक्त छापलेलं नीट वाचलं एवढंच सांगतो. छापलेलंच चुकीचं असेल तर बीप तितक्याच खणखणीत आवाजात होतो. हेल्परच्या हातातल्या गनच्या पडद्यावर तिसऱ्या ओळीत ‘१०-ई-०१’ येत होतं, हे खरं. पण दिवसाला शेकडो स्कॅन करणारा मुलगा कानानेच काम करणार. त्याने पडदा वाचला नाही, असं म्हणणाऱ्यांनी एकदा पूर्ण पाळी गन धरून बघावी.

हत्यारांत ४० ते २०० न्यूटन-मीटरचा टॉर्क रेंच (ठरावीक जोराने नट आवळायचा पाना) गेला होता. परत करताना १-ई-०४ मध्ये ठेवला, नोंद १०-ई-०३ ला पडली. तिथे सापडला नाही म्हणून दुसरा विकत घेतला. जुना १-ई-०४ मध्येच, पेटीसकट, कॅलिब्रेशनची मुदत उलटून बसलेला.

नवा कोड आर०१ई०२ असा: पुढे अक्षर, गल्लीला कायम दोन अंक. सहा अक्षरं, सुरुवात, पडताळा आणि शेवट मिळून १०१ मॉड्यूल होतात (मॉड्यूल म्हणजे सगळ्यात बारीक पट्टीची रुंदी). २०३ डीपीआयच्या, म्हणजे इंचाला २०३ ठिपके छापणाऱ्या प्रिंटरचा एक ठिपका जेमतेम ०.१२५ मिमीचा. मॉड्यूलला चार ठिपके दिले की अर्धा मिमी, म्हणजे पट्ट्या ५०.५ मिमी, आणि दोन्ही बाजूंना पाच-पाच मिमी कोरी जागा. सॉफ्टवेअरमध्ये बारकोड माउसने ओढून रुंद करू नये. साडेतीन ठिपक्यांचं मॉड्यूल प्रिंटरला छापता येत नाही, तो कुठे तीन, कुठे चार करतो आणि गन अडखळते. डायरेक्ट थर्मल लेबल (रिबनशिवाय, नुसत्या उष्णतेने छापलं जाणारं) पत्र्याच्या शेडमध्ये नको, उन्हाळ्यात काळवंडतं; रेझिन रिबन आणि पॉलिएस्टर लेबल घेतलं. चिकटवण्याआधी रॅक आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण सुकवला, नाहीतर पावसाळ्यात कोपरे सुटतात. छापण्याआधी वेगळे कोड मोजले: ४८०.

आय आणि ओ ही अक्षरं १ आणि ० सारखी दिसतात म्हणून कोडमधून गाळायची, हे मला माहीत होतं. ई गाळायचं सुचलं नाही, आणि १ई०२ हा नमुना मीच दिला होता.

शॉर्टच्या नोंदी आता एकेक करून उलटवतोय. माल परत जमा होतो. पण शेऱ्याच्या रकान्यात हेल्परच्या नावापुढे ‘हलगर्जीपणा’ लिहिलेलं आहे, आणि पोस्ट झालेला शेरा या सिस्टिममध्ये बदलता येत नाही.