कोळंबीची ॲलर्जी आणि ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन

जेवणानंतर कुणाच्या अंगावर गांधी उठल्या, की "पित्त उठलं" म्हणत आमसुलाचे पाणी चोळायचे आणि सेट्रिझिन ही ॲलर्जीवरची गोळी द्यायची, हा रिवाज आमच्याकडे कोकणात अजून आहे. नुसती खाज आणि गांधी असतील तर गोळी योग्यच आहे. मात्र त्यांच्या जोडीला आवाज घोगरा झाला, श्वासाला घरघर लागली, उलट्या सुरू झाल्या किंवा भोवळ आली, तर ती ॲनाफिलॅक्सिस ही तीव्र प्रतिक्रिया असू शकते, आणि अशा वेळी गोळीचा गुण येण्याची वाट पाहणे जिवावर बेतू शकते.

माझ्या मावसबहिणीला कोळंबी चालत नाही. कालवणातली असो वा तळलेली, फरक पडत नाही, कारण कोळंबीतले ट्रोपोमायोसिन हे प्रथिन शिजवल्यानेही टिकून राहते. तिच्या शरीराने या प्रथिनाविरुद्ध आयजीई नावाची, ॲलर्जी घडवणारी प्रतिपिंडे तयार केलेली आहेत. ती मास्ट पेशी या रोगप्रतिकारक पेशींवर चिकटून असतात आणि प्रथिन पुन्हा पोटात गेले, की या पेशी हिस्टामिनसह अनेक रसायने एकदम सोडतात. रक्तवाहिन्या सैलावून रक्तदाब घसरतो, घशाला सूज येते, श्वासनलिका आवळतात. सेट्रिझिन यांपैकी फक्त हिस्टामिनला अडवते, तेही सावकाश. ॲड्रेनॅलिन मात्र रक्तदाब सावरते, सूज उतरवते आणि श्वासनलिका मोकळ्या करते, म्हणून पहिला मान त्याचाच. ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत देतात. मात्रा दर किलो वजनामागे 0.01 मिलिग्रॅम, प्रौढांना जास्तीत जास्त 0.5 मिलिग्रॅम, आणि उतार पडला नाही तर 5 ते 15 मिनिटांनी पुन्हा. परदेशात रुग्ण स्वतःच टोचून घेतात तशी तयार पेने आपल्याकडे सहज मिळत नाहीत. म्हणून 108 ला फोन करून किंवा जवळच्या दवाखान्यात तातडीने नेऊन हे इंजेक्शन मिळवावे लागते. तोवर रुग्णाला आडवे करून पाय उंच ठेवावेत, धाप लागली असेल तर बसू द्यावे, पण चालवू अजिबात नये. बरे वाटले तरी काही तासांनी लक्षणे उलटू शकतात, त्यामुळे डॉक्टर थांबा म्हणाले तर घरी जाण्याची घाई करू नये.

नंतर ॲलर्जीतज्ज्ञांकडून तपासणी जरूर करून घ्यावी. कोळंबी बाधणाऱ्याला खेकडे आणि शेवंड बाधण्याचा संभव मोठा असतो. सुरमई-पापलेटची ॲलर्जी मुख्यतः वेगळ्या प्रथिनामुळे होते, म्हणून कोळंबीपायी सगळी मासळी बंद करण्याआधी तज्ज्ञांना विचारावे.