चिठ्ठीला अधिकारी, माणसाला अठरा इंच

एकोणिसाव्या शतकातले अटलांटिकवरून अमेरिका-कॅनडाला माणसं नेणाऱ्या जहाजांचे कायदे वाचायला घेतले की आधी वाटतं, अरे वा, सरकारला गरीब प्रवाशांची केवढी काळजी! मग जरा खोलात शिरलं की लक्षात येतं, काळजी होती, पण भलत्याचीच होती, कधी जमीनदारांची, कधी टपालाची.

ब्रिटनचा १८०३ चा कायदा घ्या. जहाजाच्या दर दोन टनांमागे (टन हे जहाजाच्या आकाराचं माप) एकच माणूस, तोही खलाशी धरून. पन्नासच्या वर माणसं असतील तर डॉक्टर पाहिजे, माणशी रोज अर्धा पौंड मांस, एक गॅलन पाणी, सगळं कागदावर झकास. आता हे ज्यांच्यासाठी केलं ती स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातली कुळं, जी घरी ओटचं पीठ आणि बटाटे खाऊन दिवस काढायची, त्यांना जहाजावर अचानक मांस कशाला? तर अटी वाढल्या की तिकीट महाग होतं, तिकीट महाग झालं की माणसं जात नाहीत, आणि माणसं गेली नाहीत की तिथल्या जमीनदारांना समुद्रशेवाळ जाळून विकायची राख करायला स्वस्तात मजूर मिळत राहतात. स्थलांतराच्या बाजूचा स्कॉटिश सरदार लॉर्ड सेलकर्क याने १८०५ मध्येच हे उघड बोलून दाखवलं होतं. म्हणजे लोकांना जाऊ द्यायचं नाही आणि वर पुण्यही पदरात पाडून घ्यायचं!

पुढे हवा फिरली. गरीब लोक देशातून गेलेलेच बरे असं वाटायला लागलं आणि नियम ढिले झाले, १८२७ ला तर कायदाच रद्द करून टाकला. वर्षभरात परत आणावा लागला ते सोडा.

तिकडे अमेरिकेने १८१९ मध्ये आपला कायदा केला, दर पाच टनांमागे दोन प्रवासी, जास्तीच्या प्रत्येक माणसामागे कप्तानाला १५० डॉलर दंड, आणि वीस माणसं जास्त निघाली तर जहाजच जप्त. कप्तानाने उतरल्यावर प्रवाशांची यादी द्यायची हेही त्यातच, म्हणून तर अमेरिकेचे स्थलांतराचे आकडे १८२० पासून सलग सापडतात. पण गंमत अशी की अमेरिका कडक आणि ब्रिटिश वसाहती सैल, त्यामुळे ज्याच्या खिशात काहीच नाही तो कॅनडाला जायचा. क्वेबेकहून लाकूड घेऊन ब्रिटनला आलेलं जहाज परत रिकामं न्यायचं त्यापेक्षा माणसं भरा, फळ्या ठोकून झोपायच्या जागा करा की झालं.

या जागा किती, ते बघा. १८४२ च्या ब्रिटिश कायद्याप्रमाणे सहा फूट लांब आणि अठरा इंच रुंद, एका माणसाला. वर-खाली दोनच थर, तिसरा नाही. चौदा वर्षांखालची दोन मुलं मिळून एक प्रवासी, आणि वर्षाच्या आतलं बाळ तर हिशोबातच नाही. आठवड्याला सात पौंड ब्रेड, बिस्किट, पीठ, तांदूळ असलं काहीतरी मिळायचं, पण शिजवायचं आपलं आपण, डेकवरच्या चुलीवर, तीही रांग लावून, आणि वादळ आलं की डेकवर जायचंच बंद, मग कच्चं खा नाहीतर उपाशी राहा. शिडाच्या जहाजाला पाच-सहा आठवडे सहज लागायचे, त्यातले किती दिवस वादळाचे ते कोण सांगणार.

१८४७ ला आयर्लंडच्या दुष्काळात हे सगळं फाटलं. त्याच वर्षी अमेरिकेने नियम आणखी आवळले, सरळ फरशी मोजायला लावली, माणशी १४ चौरस फूट, त्यामुळे सगळ्यात गरीब आणि सगळ्यात आजारी लोक पुन्हा कॅनडातल्या सेंट लॉरेन्स नदीकडेच वळले. तिथल्या ग्रोस ईल नावाच्या क्वारंटाइनच्या बेटावर त्या एका मोसमात पाच हजारांच्या वर माणसं पुरली, बहुतेक टायफस नावाच्या तापाने गेलेली. स्टीफन डी व्हीअर नावाच्या आयरिश जमीनदाराने मुद्दाम स्टीअरेजमधून, म्हणजे सगळ्यात खालच्या वर्गातून, प्रवास केला आणि जे पाहिलं ते लिहून लंडनला कळवलं. अंधार, कोंडलेली हवा, दाटीवाटीने पडलेली माणसं, तापाने फणफणलेल्यांच्या शेजारी धडधाकट. त्या पत्राचा पुढच्या कायद्यांवर परिणाम झाला. माझ्या मते या सगळ्या गोष्टीतला सगळ्यात कामाचा माणूस हाच.

आता टपालाकडे या. १८४० च्या ४ जुलैला क्युनार्ड कंपनीची ब्रिटानिया ही आगबोट लिव्हरपूलहून बोस्टनला निघाली, सरकारी टपालाचं कंत्राट घेऊन. तिच्यावर टपालाची जबाबदारी सांभाळायला नौदलाचा एक अधिकारी असायचा, वेगळा, खास. स्टीअरेज नव्हतंच. १८४४ च्या फेब्रुवारीत बोस्टनचं बंदर गोठलं तेव्हा तिथल्या लोकांनी स्वखर्चाने सुमारे सात मैल बर्फ कापून तिला वाट करून दिली!

आणि पैशांची भांडणं तर विचारूच नका. १८४७ मध्ये अमेरिकेने स्वतःची टपाल आगबोट सुरू केली, वॉशिंग्टन नावाची, तर ब्रिटिश पोस्टाने ठरवलं की तिच्यावरून आलेल्या पत्रावरही आपण एक शिलिंग घेणार, जणू आपल्याच बोटीने आलंय. म्हणजे पाठवणाऱ्याने एकदा समुद्राचं भाडं भरलंच होतं, आता घेणाऱ्यानेही भरायचं. अमेरिकेने १८४८ ला उलट तसाच दणका दिला आणि वर्षअखेर दोघं करारावर आले. अर्ध्या औंसाला २४ सेंट, त्यातले ५ अमेरिकेतल्या वाहतुकीचे, ३ ब्रिटनमधल्या, आणि १६ ज्याच्या बोटीने समुद्र ओलांडला त्याचे. सेंटासेंटाची वाटणी.

या १६ सेंटांसाठी आणि अनुदानासाठी वेगाची शर्यत लागली. कॉलिन्स लाइन या अमेरिकन आगबोट कंपनीला सरकारकडून वर्षाला ८,५८,००० डॉलरपर्यंत पैसे मिळायला लागले. त्यांची आर्क्टिक ही बोट २७ सप्टेंबर १८५४ ला न्यूफाउंडलंडजवळ दाट धुक्यात पूर्ण वेगाने चालली होती आणि वेस्टा नावाच्या फ्रेंच जहाजाशी टक्कर झाली. बोटीवर चारशेच्या आसपास माणसं, लाइफबोटी सहा, आणि त्यात जास्त करून खलाशीच चढले. एकही बाई किंवा मूल वाचलं नाही. मला इथे राग येतो तो खलाशांपेक्षा वेळापत्रकाचा.

पुढच्याच वर्षी अमेरिकेने नवीन कायदा केला. प्रवासात आठ वर्षांवरचा प्रवासी आजाराने मेला तर कप्तानाने माणशी १० डॉलर भरायचे. १८१९ ला एक माणूस जास्त आणला तर दीडशे होते, म्हणजे दाटी करण्यापेक्षा मरू देणं स्वस्त पडायचं.

टपालाचा तिढा मात्र सुटला. ९ ऑक्टोबर १८७४ ला स्वित्झर्लंडच्या बर्नमध्ये २२ देशांनी करार केला, जर्मन पोस्टाचा हाइनरिख फॉन स्टेफान त्यामागे होता. जो देश तिकिटाचे पैसे घेईल ते त्याचेच, शेजाऱ्याशी वाटणीचा हिशोब बंद. काय सुटसुटीत! १८७६ ला हिंदुस्थानही त्यात आला.

माणसांचा तिढा मात्र तसाच. लाइफबोटी किती, ते ब्रिटनने १८९४ च्या सुमारास माणसांवर नाही, टनांवर ठरवलं आणि तक्ता १०,००० टनांवर थांबला, म्हणून ४६,००० टनांच्या टायटॅनिकला कायद्याने १६ पुरे होत्या आणि २० ठेवून ती नियमापेक्षा पुढेच गेली. तिचं पूर्ण नाव आरएमएस टायटॅनिक, म्हणजे रॉयल मेलची, ब्रिटिश टपालाचीच बोट. ती बुडाल्यावर जानेवारी १९१४ ला लंडनमध्ये समुद्रावर माणसांचा जीव वाचवण्यासाठी आंतरराष्ट्रीय करार झाला, १३ देश होते, आणि काही महिन्यांतच महायुद्ध पेटलं, त्यामुळे तो ठरल्या दिवशी लागूच झाला नाही.