दोन ठोक्यांना एक

सॉफ्टवेअरचा आकडा होता मिनिटाला १३२ ठोके. तीन दिवसांच्या झेब्रा माशाच्या भ्रूणाला तो शोभतो. त्यामुळे प्लेटमधल्या त्या वेलपुढे, म्हणजे भ्रूण ठेवलेल्या छोट्या खळग्यापुढे, हिरवी खूण पडली आणि आमचा रिपोर्ट पुढे सरकला.

औषध कर्करोगावरचं, पेशींना वाढीचे इशारे देणारी कायनेझ नावाची एन्झाइम्स रोखणारं. नाव सांगता येत नाही. या कुळातली काही औषधं हृदयाची लय बिघडवतात हे जुनं आहे. अमेरिकेत निलोटिनिबच्या माहितीपत्रकावर तसा चौकटीत इशाराच छापतात. म्हणून तर कंपन्या पुण्यात आमच्यासारख्यांकडे नमुने पाठवतात. भ्रूण काचेसारखं पारदर्शक, हृदय थेट दिसतं. शिवाय सुरुवातीचे काही दिवस ऑक्सिजन कातडीतूनच झिरपतो, त्यामुळे रक्ताभिसरण कोलमडलं तरी भ्रूण लगेच मरत नाही. बिघाड निवांत बघता येतो.

निवांत म्हणजे, एसीवाल्यांनी बघू दिलं तर. हे भ्रूण २८.५ अंशांवर वाढतात. मायक्रोस्कोपच्या खोलीत कॉम्प्युटर तापतो म्हणून कोणीतरी एसी २० वर ठेवतं, आणि गार पाण्यात ठोके आपोआप मंदावतात. मग औषधाचा परिणाम कुठला आणि एसीचा कुठला? भूल द्यावी तर भुलीचं औषधही ठोके कमी करतं. म्हणून मी भ्रूण अगारोझच्या पातळ जेलीमध्ये कुशीवर बसवते, डोळा वर, हृदय लेन्सकडे. हात बसायला वेळ लागतो. नवीन मुलं घाईत पिवळ्या बलकाची पिशवी फोडतात.

त्या दिवशी मी आकडा सोडून व्हिडिओ हळू करून पाहिला. माशाच्या हृदयाला दोनच कप्पे: रक्त आत घेणारा एट्रियम आणि ते पुढे ढकलणारा व्हेंट्रिकल. एट्रियम आकुंचन पावलं, व्हेंट्रिकल पावलं. एट्रियम पुन्हा पावलं, व्हेंट्रिकल गप्प. पुन्हा तेच. एट्रियमचे ठोके १३२, पण रक्त ढकलणाऱ्या कप्प्याचे ६६. सॉफ्टवेअरची चौकट एट्रियमवर बसली होती, त्याने प्रामाणिकपणे तेवढंच मोजलं. शेजारच्या वेलमध्ये तुलनेसाठी टर्फेनाडीन होतं, ॲलर्जीचं, लय बिघडवतं म्हणून १९९८ मध्ये अमेरिकी बाजारातून गेलेलं. तिथेही हाच दोनाला एक. नुसतं डीएमएसओ, म्हणजे औषध ज्यात विरघळवतो ते द्रावक, दिलेली भ्रूणं मात्र ठणठणीत.

मी सरांना बोलावलं. ते बराच वेळ बघत राहिले.

"दिसतंय खरं. पण प्रोटोकॉलमध्ये हार्ट रेट लिहिलाय, रिदम नाही."

"मग रिमार्कमध्ये टाकू, सर?"

"रिमार्क वाचला की क्लायंटचे फोन सुरू होतात, मॅडम."

सर वाईट नाहीत. पण या धंद्यात रकाना नसलेली गोष्ट घडलेलीच नसते.

मी व्हिडिओसकट रिमार्क टाकला. फोन आलाच. पलीकडच्या बाईंनी मात्र प्रश्न नेमका विचारला: पाण्यात औषधाची तीव्रता १० मायक्रोमोलर म्हणजे भ्रूणाच्या अंगात किती? रुग्णाच्या रक्तात एवढं कधी चढेल का? याला उत्तर नव्हतं. काही औषधं भ्रूणात साठतात, काही जेमतेम शिरतात. भ्रूणं धुऊन, वाटून मास स्पेक्ट्रोमीटरवर मोजल्याशिवाय कळत नाही, आणि ते काम करारात नाही. मी कोटेशन पाठवलंय. खालच्या डोसची प्लेट तेवढ्यात लावून टाकली, यावेळी चौकट व्हेंट्रिकलवर. सगळ्यात खालच्या डोसलाही दोन भ्रूणांमध्ये ठोका अधूनमधून गळतोय. सर म्हणतात, दोनच आहेत. मी अजून ती फाइल बंद केलेली नाही.